घानाचे न्यायमूर्ति सर आर्कु कोर्सा

[खेड्यांतील एका वाचनालयांत केलेल्या भाषणाचा मजकूर]



आज बोलण्याकरितां आम्हीं जो विषय निवडला आहे तो आपल्या गांवापासून फार दूरचा आहे. आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नांवाचा देश आहे. त्या देशाच्या एका सरन्यायाधीशाचें चरित्र आम्ही आपणांस सांगणार आहों. येतां येतां एका गृहस्थांनीं आम्हांस वाटेंतच हटकलें, "मास्तर, त्या आफ्रिकेंतल्या न्यायाधीशाशीं आपलें काय नातें?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर आधीं देतों.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं कोर्टाची पायरी चढलेली आहे. कोणाचा बांधाचा तंटा, कोणाचा वाटणीचा दावा, कोणाचें कुळाचें प्रकरण. तेथें गेल्यावर आपण वकील कसा आहे हें पाहतों, साक्षीदार फुटेल काय याची काळजी वाहतों, तारीख पुन्हा पडली म्हणून कपाळाला हात लावतों. पण जो वर खुर्चीवर बसला आहे, तो मनांत कोणाला भीत असेल काय, हा प्रश्न आपल्याला क्वचितच सुचतो. खरें पाहतां सगळ्या प्रश्नांत मोठा प्रश्न तोच आहे. न्यायाधीश कोणाला भितो, आणि त्याला निर्भय ठेवण्याची व्यवस्था कोणी केली आहे, यावर गरिबाचा न्याय अवलंबून असतो. न्यायमूर्ति कोर्सा यांच्या चरित्रांत ही गोष्ट जितकी उघड दिसते, तितकी ती आम्हांस दुसरीकडे क्वचितच दिसली. म्हणून हें चरित्र.

प्रथम देशाची थोडी ओळख करून घेऊं. घानाचें जुनें नांव गोल्ड कोस्ट, म्हणजे सोन्याचा किनारा. सोन्याच्या लोभानें पोर्तुगीज, डच, डेन आणि इंग्रज तेथें गेले. त्यांनीं समुद्राकांठीं किल्ले बांधले आणि पुढें सोन्याबरोबर माणसांचाही व्यापार मांडला. केप कोस्ट येथील किल्ल्याच्या तळघरांत आफ्रिकन स्त्रीपुरुषांना कोंडून ठेवीत, आणि तेथून गलबतांत भरून अमेरिकेकडे गुलाम म्हणून पाठवीत. १८७४ सालीं इंग्रजांनीं या किनाऱ्याची रीतसर वसाहत केली. गोऱ्यांचें राज्य आलें आणि त्याबरोबर त्यांचीं कोर्टें व त्यांचे कायदेही आले.

तेथील लोकांनीं एक गोष्ट लवकर ओळखली. ज्या कायद्यानें आपल्याला बांधलें आहे, तो कायदा आपल्या मुलांनीं शिकला पाहिजे. जॉन मेन्सा सार्बा हे गोल्ड कोस्टचे पहिले आफ्रिकन बॅरिस्टर. ते १८८७ सालीं बॅरिस्टर झाले. १८९७ सालीं सरकारनें जमिनीच्या कारभारावर आपला हात ठेवणारें एक बिल आणलें, तेव्हां सार्बा व त्यांचे सहकारी यांनीं एतद्देशीयांच्या हक्कांच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. त्यांचें शिष्टमंडळ लंडनपर्यंत गेलें आणि सरकारला तें बिल सोडून द्यावें लागलें. जमीन वांचली ती एकाही बंदुकीवांचून, कायदा वाचतां येणाऱ्या माणसांमुळें. शाळा कशासाठीं काढायच्या, असें जे आम्हांस विचारतात, त्यांना आम्ही ही हकीकत सांगत असतों.

अशा काळांत, १८९४ सालच्या एप्रिल महिन्याच्या ३ तारखेस, समुद्राकांठच्या सॉल्टपाँड नांवाच्या गांवीं कोबिना आर्कु कोर्सा यांचा जन्म झाला. त्यांची जात फांटी. केप कोस्टच्या म्फान्त्सिपिम शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. पुढें ते सिएरा लिओन देशांतील फुरा बे कॉलेजांत शिकले. हें कॉलेज मिशनऱ्यांनीं १८२७ सालीं काढलेलें. पश्चिम आफ्रिकेंतल्या शिकलेल्या माणसांची पहिली पिढी तेथें घडली. नंतर लंडनला जाऊन त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला, व बॅरिस्टर होऊन ते मायदेशीं परतले.

१९२८ ते १९४० अशीं बारा वर्षें ते केप कोस्टच्या वतीनें कायदेमंडळांत बसले. १९४२ सालीं गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळांत आफ्रिकन माणसाला पहिल्यानेंच जागा मिळाली. दोनच माणसें घेतलीं. एक नाना ओफोरी अट्टा नांवाचे राजे, आणि दुसरे कोर्सा. १९४५ सालीं ते न्यायाधीश झाले, १९५५ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि १९५६ सालीं ते सरन्यायाधीश झाले. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले आफ्रिकन. पुढच्याच वर्षीं, १९५७ सालच्या मार्च महिन्याच्या ६ तारखेस, देश स्वतंत्र होऊन त्याचें नांव घाना झालें. स्वातंत्र्याचे पुढारी क्वामे एन्क्रुमा हे पंतप्रधान झाले. १ जुलै १९६० रोजीं घाना प्रजासत्ताक झालें, तेव्हां राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांना शपथ दिली ती सरन्यायाधीश कोर्सा यांनीं.

येथपर्यंतचें चरित्र सरळ चढणीचें आहे. आम्ही मास्तर लोक मुलांना चरित्र सांगतों तें बहुधा येथेंच थांबवितों. गरीब देशांतला मुलगा शिकला, मोठा झाला, सरन्यायाधीश झाला. मुलांनो, तुम्हीही शिका. पण या माणसाची खरी परीक्षा येथून पुढें सुरू होते.

स्वातंत्र्य मिळून दीड वर्षही झालें नव्हतें, तोंच १९५८ सालीं घानाच्या पार्लमेंटनें प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. एखादा मनुष्य राज्याच्या सुरक्षिततेला धोका आहे असें सरकारला वाटलें, कीं त्याला खटला न भरतां पांच वर्षेंपर्यंत तुरुंगांत ठेवण्याची मुभा या कायद्यानें दिली. गुन्हा शाबीत करण्याची गरज नाहीं, सरकारला वाटलें म्हणजे पुरे. या कायद्याखालीं १९५९ सालच्या नोव्हेंबरांत बाफुर ओसेइ अकोटो आणि त्यांच्याबरोबर आणखी सात जण धरले गेले. हे अकोटो अशांती लोकांच्या राजाचे भाषक. तिकडे राजा दरबारांत आपण होऊन लोकांशीं बोलत नाहीं. त्याचें म्हणणें लोकांना सांगणारा एक मानाचा अधिकारी असतो. अकोटो हे एन्क्रुमांच्या विरोधी पक्षाचे एक पुढारी होते.

त्यांच्या वतीनें डॉक्टर जे. बी. डांक्वा हे वकील सुप्रीम कोर्टांत उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद समजायला कठीण नाहीं. १९६० च्या राज्यघटनेच्या तेराव्या कलमांत असें होतें कीं, राष्ट्राध्यक्षानें अधिकार घेतांना लोकांपुढें एक गंभीर घोषणा करावी: राज्याची सत्ता लोकांच्या इच्छेंतून निघते, स्वातंत्र्य व न्याय यांचा मान राखला जावा, वंश, जमात, धर्म, लिंग किंवा राजकीय मत यांवरून कोणाशीं भेदभाव होऊं नये, आणि कोर्टाकडे दाद मागण्याचा कोणाचा हक्क हिरावला जाऊं नये. डांक्वा म्हणाले, ही घोषणा घटनेंत आहे; मग माणसाला खटल्यावांचून कोंडणारा कायदा तिच्यापुढें टिकतो कसा?

१९६१ सालच्या ऑगस्टांत निकाल लागला. सरन्यायाधीश कोर्सा यांच्या कोर्टानें अर्ज फेटाळला. निकालाचा मतलब असा: तेराव्या कलमांतली घोषणा ही राष्ट्राध्यक्षाची व्यक्तिगत प्रतिज्ञा आहे, इंग्लंडचा राजा राज्याभिषेकाच्या वेळीं घेतो तशी. तिचें बंधन नैतिक आहे, कायद्याचें नव्हे. पार्लमेंटच्या कायदे करण्याच्या अधिकाराला तिनें आळा बसत नाहीं. राष्ट्राध्यक्ष ती प्रतिज्ञा पाळतो कीं नाहीं हें लोकांनीं पाहावें, आणि पाळत नसेल तर मतपेटीकडे जावें. कोर्टाकडे येऊं नये.

बंधुभगिनींनो, या निकालाबद्दल बोलतांना आम्ही उतावळेपणा करणार नाहीं. हा निकाल भित्र्या माणसाचा होता असें म्हणायला आमच्यापाशीं पुरावा नाहीं. कोर्सा इंग्रजी कायद्याच्या शाळेंत वाढले. त्या शाळेंत पार्लमेंटचा शब्द शेवटचा मानतात. घटनेचीं अक्षरें जशीं होतीं तशीं त्यांनीं वाचलीं. अक्षरांच्या दृष्टीनें त्यांचें वाचन चूक होतें असेंही सर्व कायदेपंडित म्हणत नाहींत. पण परिणाम काय झाला, तो पाहा. घराला दार होतें, आणि दारावर कडीही दिसत होती. कोर्टानें जवळ जाऊन पाहिलें आणि सांगितलें कीं, ही कडी नव्हे, हें कडीचें नुसतें चित्र आहे. तें ऐकून अकोटो तर आंत राहिलेच. पण ज्याला दार ढकलायचें होतें त्यालाही तें ऐकूं गेलें. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत खुद्द वकील डांक्वा यांना त्याच कायद्याखालीं धरून तुरुंगांत टाकलें. पुढच्या वर्षीं ते सुटले, पण ती सुटका कायमची नव्हती.

आतां दुसरा प्रसंग. १ ऑगस्ट १९६२ रोजीं एन्क्रुमा शेजारच्या अपर व्होल्टा देशाच्या राष्ट्राध्यक्षांना भेटून परत येत होते. सरहद्दीजवळ कुलुन्गुगु नांवाच्या खेड्यांत लोक त्यांच्या स्वागताला जमले होते. तेथें त्यांच्यावर बाँब टाकण्यांत आला. एन्क्रुमा जखमी झाले. एक लहान मूल मेलें. हें कृत्य अघोर होतें, याबद्दल दुमत नाहीं. एन्क्रुमांना भय वाटण्यास खरें कारण होतें, हेंही कबूल केलें पाहिजे.

या प्रकरणांत पांच जणांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांत तिघे खुद्द एन्क्रुमांच्याच घरचे म्हणावे असे: माहितीमंत्री टाविया अडामाफिओ, परराष्ट्रमंत्री आको अजेइ, आणि पक्षाचे अधिकारी कोफी क्रॅब. यांतले आको अजेइ म्हणजे एन्क्रुमांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. १९४७ सालीं एन्क्रुमा परदेशांत असतां त्यांना मायदेशीं चळवळीच्या कामाला बोलवा, अशी शिफारस करणारे हेच. खटल्यासाठीं विशेष कोर्ट नेमलें. या कोर्टाच्या निकालावर अपील नव्हतें. न्यायाधीश तीन: सरन्यायाधीश कोर्सा, व्हॅन लारे आणि एडवर्ड अकुफो-अडो.

देशभर सभा, वर्तमानपत्रें आणि पक्षाचे कार्यकर्ते या पांचही जणांना आधींच दोषी ठरवून बसले होते. कोर्टापुढें पुरावा आला तो मात्र सारखा नव्हता. ओटचेरे आणि मानु या दोघांविरुद्ध तो भक्कम होता. तिघां बड्यांविरुद्ध मुख्यतः संशय होता. त्या प्रवासांत हे लोक राष्ट्राध्यक्षांच्या जवळ न राहतां दूर दूर राहिले, अशा प्रकारचे मुद्दे सरकारतर्फें मांडले गेले. ९ डिसेंबर १९६३ रोजीं तिन्ही न्यायाधीशांनीं निकाल दिला: दोघे दोषी, त्यांना फांशी; तिघे निर्दोष.

आपल्याकडे रामशास्त्री प्रभुणे यांची गोष्ट आम्ही शाळेंत सांगतों. ज्याच्या हातीं राज्य होतें त्यालाच रामशास्त्र्यांनीं तोंडावर गुन्हेगार ठरविलें. तें धैर्य मोठेंच. पण दुसऱ्या जातीचेंही एक धैर्य आहे, आणि त्याच्या गोष्टी आपण कमी सांगतों. राज्यकर्ता ज्याला गुन्हेगार म्हणतो, आणि रागावलेला जमाव ज्याचें रक्त मागतो, त्याला पुरावा नाहीं म्हणून सोडून देण्याचें धैर्य तें हें. पहिल्या प्रसंगीं निदान लोक तरी न्यायाधीशाच्या बाजूला असतात. दुसऱ्या प्रसंगीं त्याच्या बाजूला कोणी नसतें, फक्त पुराव्याचे कागद असतात. कोर्सा यांचें वय त्या वेळीं एकोणसत्तर होतें. सरकारला हवा तो निकाल देऊन ते सुखानें पेन्शनींत जाऊं शकले असते. त्यांनीं कागद वाचले आणि कागदांत होतें तें सांगितलें.

दोन दिवसांनीं, ११ डिसेंबरला, एन्क्रुमांनीं त्यांना सरन्यायाधीशपदावरून काढलें. एन्क्रुमांची एक तक्रार अशी होती कीं, निकाल काय लागणार हें सरन्यायाधीशांनीं आपल्याला आधीं कळविलें नाहीं. कळविलें असतें तर बंदोबस्त ठेवतां आला असता. निकाल आधीं राज्यकर्त्याच्या कानीं घालावा, अशी अपेक्षा उघडपणें बोलून दाखविण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या, हें ध्यानांत घ्यावें.

आतां येथें सर्वांनीं लक्ष द्यावें. हें काढून टाकणें बेकायदेशीर होतें काय? नव्हतें. त्या घटनेप्रमाणें इतर न्यायाधीशांना काढायचें असेल तर गैरवर्तन किंवा अपात्रता दाखवून राष्ट्रीय सभेच्या दोनतृतीयांश सभासदांचा ठराव लागत असे. पण सरन्यायाधीशाची त्या पदावरची नेमणूक राष्ट्राध्यक्षाला वाटेल तेव्हां, एका सहीशिक्क्यानें, रद्द करतां येत होती. खुर्ची सर्वांत उंच आणि तिचाच पाया सर्वांत कच्चा! घटनेचीं अक्षरें तशीं होतीं. ज्या अक्षरांवर बोट ठेवून १९६१ सालीं अकोटोंना दार बंद झालें, त्याच घटनेच्या दुसऱ्या अक्षरांवर बोट ठेवून १९६३ सालीं खुद्द सरन्यायाधीशांना दाराबाहेर काढलें. कडी नव्हती ती कोणाच्याच दाराला नव्हती.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. त्याच डिसेंबरांत पार्लमेंटनें नवा कायदा करून विशेष कोर्टाचा निकाल रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला, आणि नाताळच्या सुमारास तो निकाल रद्द झाला. १९६४ च्या जानेवारींत सार्वमत घेतलें. प्रश्न दोन: देशांत एकच पक्ष असावा काय, आणि राष्ट्राध्यक्षाला वाटेल त्या कारणावरून वरिष्ठ न्यायाधीशांना काढण्याचा अधिकार असावा काय. जाहीर झालेल्या आंकड्यांप्रमाणें बाजूनें २७ लाख ७३ हजार ९२० मतें पडलीं, आणि विरुद्ध पडलीं २ हजार ४५२. ज्यांनीं कधीं ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिली आहे, त्यांना या आंकड्यांचा अर्थ आम्हीं समजावून सांगायला नको. १९६५ सालच्या निवडणुकींत तर मतदानच झालें नाहीं. १९८ जागांना सत्ताधारी पक्षाचे १९८ उमेदवार, सर्व बिनविरोध. १९६१ सालीं कोर्टानें लोकांना मतपेटीकडे जा म्हणून सांगितलें होतें. चार वर्षांत ती मतपेटीही उरली नाहीं.

न्यायमूर्ति अकुफो-अडो व आणखी कांहीं न्यायाधीश १९६४ सालीं काढले गेले. सुटलेल्या तिघांवर नव्या सरन्यायाधीशापुढें पुन्हा खटला झाला, फांशीची शिक्षा झाली, मग ती वीस वर्षांच्या कैदेवर आली. वकील डांक्वा यांना १९६४ च्या जानेवारींत पुन्हा धरलें होतें. १९६५ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ तारखेस न्सावामच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर कोणताही खटला चालला नाहीं, मग निकाल कोठून लागणार?

२४ फेब्रुवारी १९६६ रोजीं एन्क्रुमा परदेशांत असतां लष्कर व पोलिस यांनीं राज्य उलथलें. तुरुंग उघडले, तिघेही मंत्री व अधिकारी त्या वर्षीं मोकळे झाले. बंदुकीनें आलेलें तें राज्य आम्हांस वंदनीय वाटतें असें नाहीं. त्यानंतर घानानें एकामागून एक लष्करी राजवटी सोसल्या. कोर्सा यांनीं तेवढा बदल डोळ्यांनीं पाहिला, आणि २५ जानेवारी १९६७ रोजीं ते वारले.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हीं एन्क्रुमांना राक्षस करून टाकलें. तसा आमचा हेतु नाहीं. देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारा तो मोठा पुढारी. १९६१ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करणारा कायदा त्यांच्याच सरकारनें केला. आम्हां मास्तरांना तर त्याबद्दल आदरच वाटला पाहिजे. अकोसोंबोचें प्रचंड धरण त्यांच्याच काळांत झालें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पुढारी मोठा आहे, त्याचा हेतु चांगला आहे, त्यानें शाळा काढल्या, धरण बांधलें, म्हणून त्याच्या हातीं न्यायाधीशाची खुर्ची द्यावी, हें धोक्याचें आहे. वाईट माणसाच्या हातीं अशी सत्ता कोणी आपण होऊन देत नाहीं. ती लोक नेहमीं आपल्या आवडत्या माणसाच्याच हातीं देतात.

तसेंच कोणी विचारील, मग कोर्सा यांना थोर म्हणावें कीं नाहीं? १९६१ सालचे कोर्सा आणि १९६३ सालचे कोर्सा हे एकच. आम्हीं यावर पुष्कळ विचार केला. आमच्या मतें ते दोन्ही वेळां प्रामाणिक होते. पण एकट्याच्या प्रामाणिकपणानें जें झालें तें आपण पाहिलें. तिघां माणसांची मान त्या डिसेंबरांत दोन आठवडे मोकळी राहिली, त्यापुढें नाहीं. चांगला न्यायाधीश मिळणें हें देशाचें भाग्य. पण त्याच्या दाराला खरी कडी बसविणें हें काम लोकांचें आहे, आणि तें आधीं करावें लागतें. वाऱ्यानें दार उघडल्यावर सुताराला हांक मारून उपयोग नाहीं.

घानाच्या लोकांनीं तें काम पुढें केलें. १९६९ सालच्या घटनेंत त्यांनीं माणसाचे मूलभूत हक्क कोर्टांत मागतां येतील असे लिहिले. १९९२ सालच्या घटनेंतही ते आहेत, आणि सरन्यायाधीशाला काढायचें झाल्यास आधीं समिती नेमून चौकशी करावी लागते, असें तींत आहे. नुसत्या सहीशिक्क्याचें काम राहिलें नाहीं. ही अक्षरें शाईनें लिहिलेलीं दिसतात, पण त्यांची किंमत डांक्वांनीं व कोर्सांनीं भरली आहे.

ज्या गृहस्थांनीं वाटेंत आम्हांस हटकलें, ते समोर बसलेले आम्हांस दिसत आहेत. त्यांस आमची एकच विनंती. पुढच्या तारखेला आपण कोर्टांत जाल, तेव्हां आपल्या दाव्याचा विचार करून झाल्यावर थोडा वेळ वर बसलेल्या माणसाकडे पाहा, आणि हा कोणाला भीत असेल काय, असें मनाशीं विचारा. तो कोणालाच भीत नसेल, तर निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी आपण सुरक्षित आहों असें समजा.